हलणाऱ्या दाढा काढायच्या आधी

कराड,
9 जुलै

प्रिय कुमुद,

परवा फोनवर म्हणालीस, "दोन दाढा हलतायत, काढून टाकते आणि इम्प्लांट बसवून घेते, एकदाची मोकळी होते." इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रू रोवून त्यावर बसवायचा खोटा दात. तेवढ्यात नातीनं फोन ओढून घेतला आणि बोलणं राहिलं. तेव्हापासून जिवाला चैन नाही. फोनवर हे धड सांगता येणार नाही, म्हणून लिहायला बसले. पत्र वाचून होईपर्यंत दाढा काढू नकोस, एवढं ऐक.

तीन वर्षांपूर्वी माझंही असंच झालं. ब्रश केला की चूळ गुलाबी यायची. मी समजले उष्णता वाढली. गुलकंद झाला, सब्जा झाला. रक्त येतं म्हणून त्या बाजूला ब्रश लावणंच सोडलं. नेमकं तिथंच चुकलं. दातावर चिकट थर बसतो, तो निघाला नाही की त्याचं दगडासारखं किटण होतं, आणि ते हिरडीच्या आत सरकत जातं. मग हिरडी सुजते, दातापासून सुटते आणि खालचं हाड झिजायला लागतं. यात कीड नसते, बहुतेक वेळा ठणकाही नसतो. आपल्या कृष्णाकाठची झाडं आठव. झाड हिरवंगार असतं, पण पुरानं मुळाखालची माती गेलेली असते. एक दिवस भाजलेलं कणीस खाताना माझी खालची डावी दाढ अशीच हातात आली. अख्खी दाढ, कुठे काळा ठिपका नाही.

पहिल्यांदा जिथं दाखवलं, तिथं एक्स-रे बघून पाच मिनिटांत तीन इम्प्लांटचा आकडा सांगितला. हिरडीचं नावही काढलं नाही. मी पैशांची जुळवाजुळवही सुरू केली होती. जावेनं हट्टानं हिरड्यांच्या डॉक्टरांकडं नेलं म्हणून वाचले.

त्या बाईंनी बारीक खुणा केलेली एक सळी घेतली आणि एकेका दाताभोवती सहा ठिकाणी हिरडीत घालून मोजायला लागल्या. शेजारची मुलगी आकडे लिहून घेत होती. "तीन, दोन, तीन... पाच, सहा, सात." तीन मिलिमीटरपर्यंत ठीक, त्यापुढं खड्डा. सातचा आकडा ऐकला आणि खुर्चीचे हात मी घट्ट धरले. मग त्यांनी विचारलं, "साखर तपासली आहे का कधी?" कधीच नव्हती. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी 9.2 टक्के निघाली, म्हणजे खूपच वाढलेली. साखर वाढली की हिरड्या बिघडतात, आणि हिरड्यांत सूज राहिली की साखर आटोक्यात यायला त्रास देते. तुझी तर दहा वर्षं गोळी चालू आहे. दातांच्या डॉक्टरांना सांगितलंस का ते?

काढायच्या म्हटलेल्या दोन दाढा माझ्या तोंडात अजून आहेत, कुमुद. हिरडी बधिर करून मुळांपर्यंतचं किटण खरवडून काढलं, एका बाजूला हिरडी उघडून साफ करावी लागली. गेलेलं हाड परत आलं नाही, पण हलणं कमी झालं. सगळेच दात वाचतात असं नाही. पण मोजल्याशिवाय ते ठरवायचं कसं?

इम्प्लांटला माझा विरोध नाही. हिरड्या आणि साखर ताब्यात आल्यावर गेलेल्या दाढेच्या जागी मीही एक बसवून घेतलं. टायटॅनियमचा बोटाच्या पेरापेक्षा लहान स्क्रू. दुखलं नाही, फक्त जबड्यात घरघर जाणवली. मग चार महिने थांबायचं, हाड त्याला धरेपर्यंत, आणि त्यानंतर वरची कॅप. आठ दिवसांचं काम नव्हे ते. हाड टायटॅनियमला असं धरतं हे स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांना 1952 च्या सुमारास सशाच्या पायाच्या हाडावर प्रयोग करताना कळलं. आत बसवलेली टायटॅनियमची डबी नंतर निघेचना. 1965 मध्ये त्यांनी पहिल्या माणसाच्या जबड्यात स्क्रू बसवले, आणि 2006 साली तो माणूस वारला तोवर ते स्क्रू कामात होते. चाळीस वर्षं! डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा मला भरून आलं.

पण आपल्या दाताच्या आणि हाडाच्या मध्ये तंतूंची एक गादी असते. भातात बारीक खडा आला तरी दात आपल्याला सांगतो, ते तिच्यामुळं. इम्प्लांटला ती गादी नाही, तो थेट हाडात असतो. त्याच्याभोवतीही अशीच सूज येते आणि हाड खाते, आणि पुष्कळदा दुखत नाही म्हणून कळत नाही. आजारी हिरड्यांत तू तो बसवलास, तर ज्या रोगानं दाढा गेल्या तोच त्यालाही गाठू शकतो.

आता मशेरी. रागावू नकोस. तुझ्या आईनं तव्यावर तंबाखू भाजला की अख्ख्या वाड्याला ठसका लागायचा, आणि आपण बारा वर्षांच्या असताना तिनंच तुझ्या बोटावर पहिली चिमूट ठेवली. माझ्या समोर. दात दुखत होता, थांबला, आणि चिमूट कायमची राहिली. आई वाईट नव्हती, तिलाही कुणी सांगितलं नव्हतं. पण मशेरी म्हणजे तंबाखूच. ती घासून हिरडी खाली उतरते, मुळं उघडी पडतात, जखम भरायला उशीर लागतो, आणि तोंडाच्या कॅन्सरची भीती वेगळीच. गालात किंवा हिरडीवर पांढरा चट्टा दिसतो का, उजेडात आरसा धरून आजच बघ. असला तर माझी वाट न बघता डॉक्टर गाठ.

नसला तर पुढच्या गुरुवारी इकडं ये. सकाळच्या एसटीनं निघालीस तर अकरापर्यंत पोचशील. साखरेचा शेवटचा रिपोर्ट, एक्स-रे आणि गोळ्यांची चिठ्ठी पिशवीत टाक. डॉक्टरांची बाराची वेळ तुझ्या नावानं घेऊन ठेवलीय. दुपारी मऊ भात आणि मुगाचं वरण करते, दोन दिवस राहा. आणि तोवर रक्त आलं तरी मऊ ब्रश सोडू नकोस, हलक्या हातानं रोज दोनदा.

तुझी,
सुमन