मंडळाच्या सहीसाठी

चि. सुहास यास आईचे अनेक आशीर्वाद.

ठरावावर तुमच्या मुंबईतल्या गावमंडळाची सही मागितली, तर परवा तू फोनवर म्हणालास, "आई, झालं ते झालं. गावाची बदनामी कशाला?" मी फोन ठेवला तो चुलीवर दूध होतं म्हणून आणि तोंडात वाईट शब्द आला म्हणूनही. आता सावकाश लिहिते.

वरच्या वाडीतली ती नात्याने तुझी वहिनी. गेल्या श्रावणात मागीलदारी येऊन बसली. डावं मनगट सुजलेलं, काकणं सगळी उजव्या हातात चढवलेली. "पाखाडीवर पाय घसरला, काकी." मी पेज वाढली. वाटी रिकामी होईपर्यंत खरं काय ते बाहेर आलं. नवरा गणपतीला आणि शिमग्याला यायचा, तेवढेच दिवस घरच्यांना धास्ती असायची. या वेळी मात्र नोकरी गेली म्हणून तो कायमचाच आला होता.

तिला घेऊन मी तालुक्याला गेले. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा मी आता कलमागणिक वाचलाय. वाईट नाही रे! घर कुणाच्याही नावावर असो, बाईला तिथे राहायचा हक्क आहे. अर्ज कोर्टापर्यंत न्यायला संरक्षण अधिकारी आहे. पहिली तारीख शक्यतो तीन दिवसांत, निकाल साठ दिवसांत लावायचा प्रयत्न, असं लिहिलंय. आमच्या साहेबांकडे मात्र दुसऱ्या खात्याचंही काम. दोनदा गेलो, दोनदा खुर्ची रिकामी. जिल्ह्याला मीटिंग. मार खाणाऱ्या बायकांना मदत करणारं सरकारी सखी केंद्र रत्नागिरीला. तवसाळहून फेरीबोटीने जयगड आणि पुढे पुन्हा गाडी. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "काकी, अर्ध्या तिकिटाचे तरी पैसे कुठून आणू? आणि उशीर झाला की विचारतात, कुठे होतीस."

मार्गशीर्षात ती विहिरीत सापडली. पाणी काढताना तोल गेला म्हणे. पोलिसांच्या कागदावर अकस्मात मृत्यू.

तिला मारलं असं मी म्हणत नाही, मी पाहिलं नाही. पण मनगटाचं कुणी मला विचारायलाही आलं नाही. लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत बाई संशयास्पद रीतीने गेली, तर दंडाधिकाऱ्याने चौकशी करायचीच असते. तिच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती. मला हे कोडं सुटत नाही. आठव्या वर्षी नवऱ्याचा हात हलका होतो का?

हुंड्यासाठी गेलेल्यांचा निदान आकडा तरी दर वर्षी छापून येतो. संशयापायी, दारूपायी, 'माझं ऐकत नाही' म्हणून नवऱ्याने मारलेली बाई साध्या खुनात नाहीतर 'कौटुंबिक वादा'त जाते. मेक्सिकोने २०१२ साली स्त्रीहत्या हा वेगळा गुन्हा आपल्या फौजदारी कायद्यात घातला. नुसत्या नव्या कलमाने बाई वाचते असं मला वाटत नाही. फाशीची भाषा तर आपल्याकडे फार स्वस्त झालीय. पण कुणाच्या हातून मेली याची नोंदच नसेल, तर सरकार पैसे कुठे घालणार?

म्हणून महिला ग्रामसभेत मी ठराव मांडला. संरक्षण अधिकारी तालुक्याला पूर्णवेळ हवा, त्याच्या गळ्यात दुसरं काम नको, आणि महिन्यातून एकदा त्याने गावात येऊन बसावं. विवाहितेच्या संशयास्पद मृत्यूची दंडाधिकाऱ्याकडून चौकशी व्हावी, लग्नाची वर्षं न मोजता. मारणारा तिचा कोण, याचा राज्याने वेगळा हिशेब ठेवून तो छापावा. हे शेवटचं लिहिताना ग्रामसेवकाने दोनदा चष्मा पुसला. तिथे बायकांनी हात वर केले. मुख्य ग्रामसभेत पुरुष म्हणाले, "मुंबई मंडळ काय म्हणतं ते बघू."

आता खरं काय ते बोलू. मंडळाचा सेक्रेटरी तू. तिचा नवरा तुझा शाळासोबती, मंडळाच्या क्रिकेट टीमचा बॉलर. तुझी अडचण मला कळते. ठरावात त्याचं नाव नाही, तिचंही नाही. तरी मंडळाच्या बैठकीत सगळ्यांना कळेलच, आणि तुझ्याकडे बघतील.

ठरावाची प्रत शेजारच्या अण्णांच्या मुलाबरोबर पाठवतेय, तो बुधवारी रात्रीच्या गाडीने निघतोय. मंडळाचा शिक्का आणि सही करून मेच्या सुट्टीत येताना घेऊन ये. सही करायची नसेल तर कागद कोराच परत आण, पण तू स्वतः आण. सून आणि चिंगीला आशीर्वाद. आमसुलं अजून ओली आहेत, आलास की नेशील.

तुझी,
आई