ग्रीनलँड आणि वरंधा घाट

फ्रीमाँट, ९ जून

प्रिय विन्या,

दिवाळीपासून पत्र नाही, फोन नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. प्रकृती ठीक, साखर आहे तिथेच आहे.

मी ग्रीनलँड पाहिलं, आणि सुनंदा चार दिवस माझ्याशी कामापुरतं बोलतेय. हे तुलाच लिहू शकतो. कारण वरंधा घाट.

लंडनहून सॅन फ्रान्सिस्कोचं विमान दुपारचं होतं. खिडकीचे जादा पैसे मी हिला न सांगता भरले. बाजू उजवी. पश्चिमेला जाताना ऊन डावीकडे राहतं आणि आइसलँडही दिसलंच तर उजवीकडेच. पंखाच्या पुढे श्रीमंत लोक, म्हणून पार मागची रांग. इंजिनाच्या गरम हवेने चित्र जरा थरथरतं, पण पंख तरी आड येत नाही. लेक म्हणत होता, "बाबा, वाटेकडची घ्या, तुम्हाला सारखं उठावं लागतं." मी सकाळपासून पाणीच तोडलं होतं!

आइसलँड ढगात गेलं. जेवणं झाल्यावर सगळ्या खिडक्या काळोख्या केल्या. या विमानात झडप नसते, काचच बटणाने गडद निळी होते. सुनंदा मुंबईपासून जागी, नुकती माझ्या खांद्यावर झोपलेली. मी बटण दाबलं. काच सावकाश निवळली आणि खाली समुद्रात साबुदाणा सांडावा तसे हिमनग. मग किनारा, त्यात खोल आत शिरलेलं पाणी, त्या पाण्यात उतरणाऱ्या हिमनद्या, बर्फातून डोकं काढलेले काळे सुळके. नुनाटाक म्हणतात त्यांना. त्यापुढे नुसतं पांढरं. मधोमध तो बर्फ तीन-तीन किलोमीटर जाड आहे, विन्या.

(आणि हो, ग्रीनलँड भारतापेक्षा लहानच. ते जेमतेम २२ लाख चौरस किलोमीटर, आपण जवळजवळ ३३. वर्गातला नकाशा ध्रुवाकडे फुगायचा. पैजेची मिसळ तुझ्याकडे अजून थकलेली आहे.)

उजेड हिच्या तोंडावर यायला लागला. तर मी जुन्या फोटोग्राफरसारखं पांघरूण डोक्यावरून घेऊन खिडकीला लावलं. परवा नातवाला फोनवरचे फोटो दाखवताना हिने विचारलं, "हे कुठलं? मला का नाही उठवलंत?" म्हटलं, तुझी झोप मोडू नये म्हणून.

तुला खरं सांगतो. ते मला कुणाला द्यायचं नव्हतं. अर्धा तास तरी. ८४ साली महाडच्या एसटीत तू झोपलास आणि सगळे धबधबे मी एकट्याने पाहिले. महाडला उतरताना तू "घाट संपला?" म्हणालास, आणि मग पाचाडपर्यंत अवाक्षर नाही. तुला कणकण होती म्हणून उठवलं नाही, असं मी आजवर सांगत आलो. कणकण बिणकण काही नव्हती.

माईंच्या मोतीबिंदूचं झालं का? बिल्डरने चावी दिली का? कळव.

ऑक्टोबरात परत येताना रात्रीचं विमान आहे. तेव्हा उत्तर डावीकडे, नॉर्दर्न लाइट्स दिसल्या तर त्याच बाजूला. डावीकडची खिडकी हिच्या नावाने घेतलीय. सांगितलं तर म्हणाली, "मी झोपणार आहे, उठवू नका."

आता उठवायचं की नाही, ते तू सांग.

तुझा,
बाळ्या