तेवीस किलोंची पेटी आणि श्रीखंडाचा डबा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत समुद्रावरच्या सुट्टीसाठी बॅग कशी भरावी याची यादी आली होती. तिच्यात ‘स्कूबा क्रूझला जाणाऱ्यांनीही हेच सामान न्यावे’ अशी एक ओळ होती. यादीत हेअर ड्रायर, उंच टाचांच्या चपला, संध्याकाळच्या जेवणासाठी तीन ड्रेस आणि चाकांची मोठी बॅग होती. मी डोंबिवलीत औषधांचं दुकान चालवते, वय चोपन्न. मागच्या फेब्रुवारीत मालदीवला सात रात्री बोटीवर राहून डायव्हिंग करून आले, आणि जवळपास हीच यादी डोळ्यांसमोर ठेवून पेटी भरण्याचा मूर्खपणा करून बसले. तो दुसऱ्या कोणी करू नये म्हणून हे पत्र.

या सहलींना लिव्हअबोर्ड म्हणतात. मालदीवमध्ये ‘सफारी बोट’ हा शब्द जास्त चालतो. आठवडाभर राहणं, जेवणं, झोपणं बोटीवरच. सिलिंडर, कॉम्प्रेसर, ओले सूट हे सगळं शेजारून चालणाऱ्या एका वेगळ्या होडीवर असतं, तिला धोणी म्हणतात. दिवसाला तीन डाइव्ह, एखाद्या दिवशी रात्रीची चौथी. पहिली सकाळी साडेसहाच्या आसपास, म्हणजे डोंबिवलीत दूधवाला येतो त्या सुमाराला. (मालेचं, म्हणजे मालदीवच्या राजधानीचं, घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे आहे, तेवढीच काय ती सवलत.) आणि दुकान कुठेही नाही. माझ्या दृष्टीने सगळी मेख इथेच आहे. काही राहिलं तर ते राहिलंच.

माझा ठाण्याचा भाचा यात मुरलेला आहे. मला पाण्यात ओढलं त्यानेच. पहिली डाइव्ह मालवणला, मग तारकर्लीला ओपन वॉटर हा पहिला कोर्स, मग अंदमानात स्वराज द्वीपला, ज्याला सगळे अजून हॅवलॉकच म्हणतात, तिथे अॅडव्हान्स्ड. मालेच्या धक्क्यावर माझी तेवीस किलोंची कडक पेटी बघून तो म्हणाला, “मावशी, ही पेटी झोपणार कुठे?” केबिनमध्ये गेल्यावर कळलं. दोन पलंगांच्या मध्ये पाऊलभर जागा. पलंगाखालच्या फटीत पेटी जाईना. दोन रात्री ती माझ्या पायथ्याशी झोपली आणि मी पाय पोटाशी घेऊन. तिसऱ्या दिवशी बोटीवरच्या मुलांनी ती इंजिनाजवळच्या कोठारात नेऊन टाकली, आणि गंमत म्हणजे त्यानंतर तिच्यातलं काहीही मला लागलं नाही. तेव्हा पहिली गोष्ट, कापडाची, घडी होणारी बॅग घ्या.

कपड्यांचं म्हणाल तर पोहण्याचे दोन जोड, लांब बाह्यांचे दोन रॅशगार्ड (पाण्यात घालायचे घट्ट टी-शर्ट), दोन सुती पायजमे, तीन टी-शर्ट, बास. चपला पहिल्याच दिवशी दाराशी टोपलीत जातात आणि उतरताना मिळतात. आठवडाभर सगळे अनवाणी. सलवार-कमीज मात्र एक हवाच. वस्तीच्या बेटावर आणि माले शहरात खांदे-गुडघे झाकलेले असावे लागतात, आणि शेवटच्या दिवशी तिथे हिंडायला वेळ मिळतोच. कारण अनेक दिवस डाइव्ह केल्यावर विमानात बसण्याआधी निदान अठरा तास कोरडं राहावं लागतं. रक्तात मुरलेला नायट्रोजन सावकाश बाहेर पडायला हवा, आणि विमानात दाब कमी असतो.

माझ्या पेटीत नव्हती ती वस्तू म्हणजे विंडचीटर. पाणी अठ्ठावीस अंश आहे, तीन मिलिमीटरचा सूट आहे, थंडी कसली, असं मला वाटलं होतं. पण हवेपेक्षा पाणी अंगातली ऊब वीस-पंचवीस पट वेगाने ओढून नेतं. दिवसात तिसऱ्यांदा वर आल्यावर, ओल्या अंगाने, धोणीवरच्या वाऱ्यात दातावर दात वाजायला लागतात. बोटीवरचे एक जर्मन आजोबा सुरेख टोपीवाला कोट घालून बसत. मी टॉवेल गुंडाळून बसे. शेवटी भाच्याने स्वतःची माकडटोपी दिली. त्या टोपीतला माझा फोटो आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर आहे आणि तो काढून टाकायला कोणी तयार नाही.

आता मास्क. बाकी सगळं भाड्याने घ्या, बीसीडी (हवा भरायचं जाकीट) घ्या, रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडात देणारं यंत्र) घ्या. मास्क स्वतःचा हवा, आपल्या चेहऱ्यावर बसवून पाहिलेला. आणि चाळिशी लागली असेल तर माझं ऐका. डाइव्ह कॉम्प्युटर मनगटावर असतो, त्यात किती खोल आहोत आणि आणखी किती मिनिटं राहता येईल ते दिसतं. मालदीवमध्ये हौशी डायव्हरला तीस मीटरच्या खाली जायची परवानगी नाही, त्यामुळे तो आकडा वाचता येणं हे काही शोभेचं काम नाही. अंदमानात मी हात लांब करकरून भागवलं होतं. इथे पहिल्याच संध्याकाळी, अंधुक उजेडात, मला ‘२१’ आहे की ‘२७’ हेच कळेना. मास्कच्या काचेला आतून खालच्या बाजूला चिकटवायची भिंगं मिळतात, पारदर्शक, नखाएवढी. भाच्याच्या यादीत ती होती. मी ती ओळ गाळली होती, कारण स्वतःला म्हातारी म्हणवून घ्यायचं नव्हतं.

त्या भाच्याजवळ श्रीखंडाचा एक रिकामा डबा होता. घरून निघताना मी त्याला हसले होते. आत होतं ते असं: फिनचा, म्हणजे पायात घालायच्या वल्ह्याचा, एक जादा पट्टा, मास्कचा एक पट्टा, रबराच्या गोल चकत्या म्हणजे ओ-रिंग, तोंडात धरायचा रबरी तुकडा, प्लॅस्टिकच्या दहा-बारा झिप टाय, सिलिकॉन ग्रीसची पुडी आणि दोन मीटर नायलॉनची दोरी. तिसऱ्या दिवशी आम्ही एका कांडूवर होतो. धिवेही या मालदीवच्या भाषेत दोन प्रवाळभिंतींमधल्या खाडीसारख्या वाटेला कांडू म्हणतात. भरती-ओहोटीचं पाणी तिथून नळातून यावं तसं धावतं आणि शार्क त्या धारेत तरंगत उभे असतात. ती डाइव्ह बघायलाच आम्ही आलो होतो. धोणीवर फिन चढवताना माझा पट्टा तुटला. भाड्याचाच होता, वाळून गेलेला. सगळे उडी मारायच्या रांगेत. गाइड माझ्याकडे बघतोय, मी तुटक्या पट्ट्याकडे. भाचा काही न बोलता डबा उघडतो, पट्टा काढतो, अर्ध्या मिनिटात बसवतो. खाली चौदा करडे रीफ शार्क मोजले. नंतर मी त्याला विचारलं, हसला का नाहीस? म्हणाला, “मावशी, तोंडात रेग्युलेटर होता.”

त्याच धारेसाठी आणखी दोन वस्तू. एक, वर येताना पाण्यावर सोडायचा लांबट नारिंगी फुगा आणि त्याची रीळ. डायव्हर लोक त्याला सॉसेज म्हणतात. दुसरी, शिट्टी. प्रवाह कुठे नेऊन सोडेल सांगता येत नाही आणि लाटांमध्ये माणसाचं डोकं नारळाएवढंसुद्धा दिसत नाही. फुगा नुसता नेऊन उपयोग नाही, आधी तलावात चार वेळा सोडून पाहा. माझा पहिला दोरीत असा गुंतला की मीच त्याच्याबरोबर वर जायला निघाले होते.

आता माझ्या धंद्याचं बोलते. बोट लागते म्हणून लोक आयत्या वेळी माझ्याकडून प्रोमेथाझिनच्या गोळ्या घेऊन जातात. त्यांनी गुंगी येते. गुंगीत डायव्हिंग करायचं नसतं. कोणती गोळी आपल्याला चालते ते डॉक्टरांना विचारून, घरी, सुट्टीच्या दिवशी घेऊन पाहा. पहिली गोळी बोटीवर घेऊ नका. नाक चोंदलं म्हणून स्प्रे मारून खाली जाण्याचा मोह तर सगळ्यांना होतो. स्प्रेचा असर पाण्याखालीच ओसरला तर कानात अडकलेली हवा वर येताना बाहेर पडत नाही, आणि मग पडदा फाटण्यापर्यंत मजल जाते. सर्दी असेल तर वरच बसा, वाचा, झोपा. कान कोरडे करणारे थेंब चांगले, पण पडद्याला भोक असेल तर मुळीच नाहीत. रोजची बीपी-शुगरची औषधं दोन ठिकाणी विभागून न्या, अर्धी हातातल्या पर्समध्ये. झोपेच्या किंवा जबर वेदनाशामक गोळ्या असतील तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय परदेशात नेऊच नका.

डायव्हरचा आरोग्य-फॉर्म निघण्याआधी घरी भरा. पहिल्या पानावर दहा प्रश्न असतात. काहींना ‘हो’ आलं की थेट डॉक्टरांची सही लागते; बाकीच्यांना ‘हो’ आलं की पुढच्या पानाकडे बोट दाखवतात, आणि तिथेही ‘हो’ आलं की सही लागतेच. आमच्याबरोबरच्या एका गृहस्थांनी दम्यापुढे प्रामाणिकपणे खूण केली, सही नव्हती, आणि आठवडाभर ते वरून मास्क लावून पोहत राहिले. प्रामाणिकपणाबद्दल मी त्यांना मानते. पण पैसे तर गेलेच.

सनस्क्रीन दुकानात विकते म्हणून सांगते, पाण्यात जाताना लांब बाह्या हेच सगळ्यात चांगलं सनस्क्रीन. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्या क्रीमच्या विक्रीवर हवाईने २०२१ पासून बंदी घातली, ती प्रवाळांच्या काळजीने. चेहऱ्यापुरतं झिंक ऑक्साइडचं न्या. भूत दिसाल, पण मासे नावं ठेवत नाहीत.

मालदीवच्या जकातीबद्दल दोन शब्द. दारू नेता येत नाही, ई-सिगारेट नेता येत नाही, आणि पूजेच्या मूर्तीही नेता येत नाहीत. माझ्या पर्समध्ये गेली वीस वर्षं पितळेचा अंगठ्याएवढा गणपती असतो. आदल्या रात्री नियम वाचले आणि त्याला देव्हाऱ्यात ठेवून आले. नवरा म्हणाला, “बरं झालं, दुकानाकडे बघायला कोणीतरी राहिलं.” येताना शंख-शिंपले, पोवळी आणू नयेत, त्यांनाही बंदी आहे. प्लगचं म्हणाल तर तिथे तीन चौकोनी पायांचे, इंग्लंडसारखे; आपले बसत नाहीत. पर्यटकांवरचा ग्रीन टॅक्स २०२५ पासून माणशी रात्रीला बारा डॉलर आहे, तो पॅकेजमध्ये धरला आहे का ते पैसे भरतानाच विचारा.

एक गोष्ट कोणत्याच यादीत सापडली नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते. २ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे कॅलिफोर्नियाजवळ ‘कन्सेप्शन’ नावाच्या डायव्हिंग बोटीला आग लागली आणि खालच्या खणात झोपलेली चौतीस माणसं गेली. आग कशाने लागली ते पक्कं ठरवता आलं नाही, लिथियम बॅटऱ्यांच्या चार्जिंगचा संशय घेतला गेला; पण रात्रीचा पहारा नव्हता हे चौकशीत स्पष्ट झालं. २०२४ च्या नोव्हेंबरात तांबड्या समुद्रात मार्सा आलमजवळ ‘सी स्टोरी’ बुडाली, तीही लोक झोपेत असताना. भाचा बोटीवर चढल्या चढल्या तीन प्रश्न विचारतो. रात्री जागं कोण असतं? केबिनमधून दुसरी वाट कुठे निघते? चार्जिंग कुठे करायचं? मग ती दुसरी वाट डोळे मिटून चालून पाहतो. मला आधी हे अशुभ वाटलं. दुसऱ्या रात्री मीही चालून पाहिलं, आणि पायात माझीच पेटी आली.

म्हणून उशाशी एक लहान, पाणी न शिरणारी पिशवी: टॉर्च, पासपोर्ट, फोन, दोन दिवसांची औषधं, चष्मा. कॅमेऱ्याच्या आणि टॉर्चच्या बॅटऱ्या रात्री झोपताना चार्जिंगला ठेवायच्या नाहीत, केबिनमध्ये तर नाहीच. विमानातही सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातातल्या सामानातच हव्यात, आणि टॉर्चमधून बॅटरी काढून ठेवलेली बरी.

बोटीवरचं जेवण छान असतं. सकाळी मास हुनी मिळते, म्हणजे टूना, खवलेलं खोबरं, कांदा, मिरची आणि लिंबू, सोबत रोशी, म्हणजे आपली पोळीच. कोकणातल्या माणसाला दुसऱ्या दिवसापासून घरच्यासारखं वाटेल. तरी रात्रीच्या डाइव्हनंतर, अलिमथा बेटाच्या धक्क्याखाली पायांना घासून जाणाऱ्या नर्स शार्कमधून वर आल्यावर, काहीतरी कुरकुरीत हवंसं वाटतंच. माझ्या तेवीस किलोंपैकी कामाला आलेला एकच किलो म्हणजे पातळ पोह्यांचा चिवडा. जर्मन आजोबांनी त्यातले शेंगदाणे वेचून खाल्ले आणि कृती लिहून घेतली.

येत्या डिसेंबरात आम्ही पुन्हा जातोय. कापडी बॅग, वजन अकरा किलो. श्रीखंड आणलंय, डबा रिकामा व्हायचा आहे.

आपली,
एक वाचक, डोंबिवली (पूर्व)
(नाव छापू नये. गिऱ्हाइकं औषध सोडून माकडटोपीबद्दल विचारत बसतील.)

ता. क. चिवडा दोन किलो न्यावा.