न दिसणारा रंग दाखवून देणाऱ्या सरांना

आदरणीय सर,

घरी येऊनही आभार मानता आले असते, पण तुम्ही जे शिकवलंत ते कॉर्न स्नेक पाळणाऱ्या आणखी चार जणांपर्यंत पोचावं, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितो आहे.

अंडी आली ती ऐन नवतपात. या अमेरिकी सापाची अंडी 27 ते 29 अंशांत, साधारण दोन महिन्यांत फुटतात. बाकी जग ती ऊबदार कशी ठेवायची ते सांगतं, आपल्या नागपुरात 45 अंशांत ती थंड ठेवायची होती. थर्माकोलचा डबा, ओलं कोकोपीट आणि कूलरची खोली ही तुमचीच मांडणी. ती नसती तर पुढचं काही घडलंच नसतं.

नर-मादी दोघंही साध्या रंगाचे, नारिंगी अंगावर मोठे तांबडे डाग. पिल्लं बहुतेक तशीच निघाली, पण काहींच्या अंगावर काळा रंगच नव्हता आणि डोळे लाल. काही राखाडी-काळी, लाल रंग नसलेली. आणि एक पांढरं-गुलाबी. कोणी म्हणालं रोग आहे, कोणी म्हणालं मादी आधीच दुसऱ्या नराकडे राहिली असेल. सापाची मादी शुक्राणू साठवून ठेवू शकते, त्यामुळे ही शंका तुम्ही उडवून लावली नाहीत. फक्त एवढंच म्हणालात, "बाप कोणीही असो, आई तर हीच आहे ना? मग आधी आईचं बोलू."

तो युक्तिवाद मी अजून मनात घोळवतो. काळा रंग नसणं, म्हणजे अॅमेल, आणि लाल रंग नसणं, म्हणजे अॅनेरी, हे दोन्ही अप्रभावी गुण. जनुकाच्या दोन प्रती, एक आईकडून आणि एक बापाकडून, मिळाल्याशिवाय दिसत नाहीत. पांढऱ्या पिल्लात, म्हणजे स्नोमध्ये, दोन्ही गुणांच्या दोन-दोन प्रती आहेत. त्यातली एकेक आईकडूनच आलेली. म्हणजे साधी दिसणारी माझी मादी दोन्ही गुण लपवून होती, आणि बाप जो कोणी असेल त्याच्याकडेही दोन्ही गुणांची निदान एकेक प्रत होतीच. एका पिल्लावरून तुम्ही दोन पिढ्या वाचल्या.

मग बाप माझाच साधा नर धरून, आई-बापाच्या प्रतींच्या जोड्या मांडायला वहीत सोळा चौकटी आखल्या: नऊ साधे, तीन अॅमेल, तीन अॅनेरी, एक स्नो. प्रत्येक अंड्याची सोडत वेगळी, त्यामुळे हिशोब तंतोतंत जुळेलच असं नाही, हेही सांगितलंत. त्या नऊ साध्यांत एकच पूर्ण कोरा, बाकी आठ काही ना काही वाहून नेणारे, आणि डोळ्यांनी कोणता कोण ते कळत नाही. नुसता अॅमेल धरला तर साध्या दिसणाऱ्या तीनांत दोन वाहक. बाजारातलं '66 टक्के हेट' येतं ते इथून; हेट म्हणजे गुणाची एकच प्रत लपवून असलेला वाहक. म्हणून साध्या पिल्लांच्या डब्यांवर 'हेट' नव्हे, 'कदाचित हेट' असंच लिहायचं, हा तुमचा आग्रह. घेणाऱ्याला खरं सांगण्याबद्दल इतकं काटेकोर माणूस मी पाहिलेलं नाही.

जिनिव्हाच्या संशोधकांनी 2015 मध्ये अॅमेलचं मूळ ओसीए2 या जनुकात शोधलं, आणि माणसातल्या अल्बिनिझमचा एक प्रकारही याच जनुकातून येतो, हे तुमच्याकडून ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

पण सर, सगळ्यात मोठे आभार वेगळ्याच गोष्टीसाठी. भावंडांची जोडी लावून भराभर स्नो काढायचा मोह मला होता. तुम्ही सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची आठवण दिलीत. विदर्भात कितीतरी घरांना हे माहीत आहे: आई-बाबा दोघंही धडधाकट, पण दोघंही वाहक, आणि प्रत्येक बाळंतपणात चारात एक धोका. कॉर्न स्नेकमध्ये स्टारगेझर नावाचा असाच अप्रभावी दोष आहे. साप मान वर वळवत राहतो, त्याला तोल सावरता येत नाही. भावंडांच्या जोडीत रंग जसा उघडा पडतो तसा असा दोषही पडू शकतो, आणि भोगायचं असतं त्या पिल्लानं.

जोडी लावली नाही. आता प्रत्येक पिल्लाची कात वेगळ्या पाकिटात, तारीख आणि आई-बापाच्या नोंदीसह ठेवतो, कारण कातीवरून स्टारगेझरची जनुकीय तपासणी होते. निकाल येईपर्यंत एकही पिल्लू पैदाशीसाठी देणार नाही. निकाल आले की रजिस्टर घेऊन तुमच्याकडे येतो.

मनापासून आभार, सर.

तुमचा विद्यार्थी
नागपूर