जिभाऊ, आठव्या वहीत तुमचं नाव लिहिलंय

आदरणीय जिभाऊ,
साष्टांग नमस्कार.

पत्र तुम्हाला आहे, पण मुद्दाम चारचौघांत लिहितेय. तुमच्या हातचं जेवलेली माणसं अमळनेर, पारोळा, चोपडा, धरणगाव, पार शहाद्यापर्यंत पसरलीत. आमच्या यात्रा कंपनीत बुकिंगचा फोन आला की तारीख आणि भाड्याच्या आधी विचारणा होते, "जिभाऊ येताहेत ना?" यंदापासून मला "नाही" म्हणावं लागतंय. गुडघ्यांनी साथ सोडली, डॉक्टरांनी तासन् तास उभं राहणं बंद केलं, हे मी प्रत्येकाला फोनवर तुटक तुटक सांगते आणि फोन ठेवल्यावर वाटतं, सांगायचं ते राहिलंच. म्हणून आज बसून लिहितेय. नातीकडून वाचून घ्या.

आधी एक चूक कबूल करते. आमच्या पत्रकावर वर्षानुवर्षं तेच छापत आलोय. वर चार धामांचे फोटो, मधे माझ्या वडिलांचा, आप्पांचा टोपीतला फोटो, खाली "घरगुती जेवण, उत्तम निवास". त्या "घरगुती जेवण" या दोन शब्दांत तुम्ही होतात. तुमचं नाव कधी छापलं नाही. कोणाच्या मनातही आलं नाही, आणि तेच मला जास्त लागतं.

लोकांना आमची कंपनी म्हणजे बस दिसते. ती खरी चालते आमच्या घराच्या पुढच्या खोलीतून. निघण्याच्या आधीचे आठ दिवस त्या खोलीत पाय ठेवायला जागा नसते. आई शेव आणि चिवड्याचे डबे भरते, मी खोल्यांची यादी करते. कोणाला तळमजला हवा, कोणाला कमोडशिवाय जमत नाही, कोणत्या विहिणी एका खोलीत ठेवायच्या नाहीत. सीटवरून भांडणं नकोत म्हणून रोज दोन ओळी मागे सरकायचं, हा आप्पांचा नियम. परमिट ऑनलाइन झालं ते 2021 मध्ये. त्याआधी सेंधव्याच्या नाक्यावर आप्पा कागदांची पिशवी छातीशी धरून कर भरायच्या रांगेत उभे असायचे. तेवढ्या वेळात रस्त्याच्या कडेला तुमचा चहा उकळलेला असायचा.

आणि तुमचा टेम्पो! बस पहाटे पाचला निघणार असेल तर तो रात्री दोनलाच पुढे गेलेला असायचा. सिलिंडर बसमध्ये ठेवायचा नाही, हे तुम्ही पहिल्याच वर्षी आप्पांना बजावलं होतं. माणसं बसतात तिथे शेगडी नको, त्यासाठी वेगळी गाडी लागली तरी चालेल. तेव्हा वेगळ्या टेम्पोचं भाडं आम्हाला जड जात होतं आणि आई कुरकुरायची. ऑगस्ट 2023 मध्ये मदुराईला यात्रेकरूंच्या रेल्वे डब्यात लपवून नेलेल्या सिलिंडरमुळे आग लागली, 9 माणसं गेली. ती बातमी बघताना आईने टीव्ही बंद केला आणि म्हणाली, "जिभाऊंना फोन लाव." काय बोलायचं ते तिला सुचलं नाही. जेवलात का, एवढंच तिने विचारलं, आठवतं?

तुमच्या टेम्पोच्या टपावर पऱ्हाट्यांचा भारा बांधलेला असायचा. नव्या प्रवाशांना कळायचं नाही की यात्रेला निघालेल्या गाडीवर कपाशीच्या काड्या कशाला. ओंकारेश्वरच्या मुक्कामी त्यांना कळायचं. तुम्ही धर्मशाळेच्या मागच्या मोकळ्या जागेत काड्या पेटवायचात, आपल्याकडची ती पांढरट हिरवी भरताची वांगी थेट जाळात टाकायचात, उलटीपालटी करून भाजायचात. साल काळी पडून तडकली की हातानेच सोलायचात. मी बोटं पोळतील म्हणून ओरडायचे, तुम्ही नुसते फुंकर मारायचात. मग बडगीत, त्या लाकडी भांड्यात, हिरवी मिरची, लसूण आणि वांगी एकत्र ठेचली जायची, वर शेंगदाणे, कांद्याची पात, कोथिंबीर. बाजूला कळण्याच्या भाकरी थापल्या जात. मध्य प्रदेशात तिसऱ्या दिवशी पोळीभाजीला कंटाळलेली म्हातारी माणसं त्या धुराच्या वासानेच आपापली ताटं घेऊन बाहेर यायची. जळगावच्या भरताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण भरीत नर्मदेच्या काठावर कोणी नेलं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

बद्रीनाथला तीन हजार मीटरच्या वर डाळ शिजता शिजत नाही. तुम्ही आदल्या रात्रीच ती भिजत घालून कुकर गोधडीत गुंडाळून नेलेला असायचा. पंगत उठेपर्यंत तुम्ही कधी बसला नाहीत. आप्पांनी ताट पुढे केलं की ठरलेलं उत्तर, "पह्यले त्यास्ले खाऊ दे, मंग मी बसस."

अखजीचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेचंही सांगायला हवं. खान्देशात लेकी अखजीला माहेरी येतात, झोके बांधतात. आणि नेमक्या त्याच दिवशी गंगोत्री-यमुनोत्रीची दारं उघडतात. त्यामुळे आमच्या घरात अखजीला आप्पा कधीच नसायचे. लग्न झाल्यावर मी पहिल्यांदा माहेरी आले ती 2019 ची अखजी होती, 7 मे. आप्पा हरिद्वारला निघालेले, म्हणून मीही बसमध्ये बसले. तुम्ही अमळनेरहून आंब्याच्या दोन पेट्या गवतात घालून आणल्या होत्या. धर्मशाळेच्या आवारातल्या झाडाला तुम्ही टेम्पोचा दोर बांधलात, वर पोतं घडी करून ठेवलंत आणि मला हाक मारलीत. मी बसले. मागोमाग पारोळ्याच्या साठ-बासष्ट वर्षांच्या दोघी आल्या. त्यांना माहेरच उरलं नव्हतं. त्या रात्री त्यांनी तुमच्याकडून रसाची दुसरी वाटी हक्काने मागून घेतली.

आता वह्यांबद्दल. 2003 च्या नाशिक सिंहस्थाला आप्पांनी पहिली बस भाड्याने घेतली तेव्हा मी चौथीत होते. तुमची शाळा दुसरीतच सुटलेली. मुक्कामावरून परत आलात की तुम्ही ओट्यावर बसायचात आणि म्हणायचात, "बेटा, लिखी ले." मी लिहायचे. मला वाटायचं हिशेब असेल. हिशेब कधीच नव्हता. ती पहिली वही आत्ता समोर आहे, तेलाचे डाग पडलेली. माझ्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलंय:

"चोपड्याच्या बाई. तूर चालत नाही, मूग चालतो."
"सीट 14. उजवा कान बंद. डावीकडून बोलणे."
"धरणगावचे काका. बायको गेली. एकटे बसले की जेवत नाहीत. शेजारी कोणीतरी बसवणे."
"एरंडोलच्या जिजी. दात नाहीत, लाजतात. न विचारता भाकरी दुधात कुस्करून देणे."

अशा सात वह्या झाल्या. पुढे पुढे त्यात गोळ्याही आल्या. कोणाला साखरेची, कोणाला रक्तदाबाची, जेवणाआधी की नंतर.

मार्च 2020 च्या परिक्रमेची गोष्ट त्या फेरीतल्या 34 जणांना ठाऊक आहे, पण सगळी नाही. नर्मदा उजव्या हाताला ठेवायची, ओलांडायची नाही, पार अमरकंटकला उगमावरून वळसा घालूनच दुसऱ्या काठाला यायचं, हा नेम. आपण निघून अकरा दिवस झाले होते आणि उत्तर काठावर नेमावरला थांबलो होतो. 22 मार्चला जनता कर्फ्यू. दिवसभर धर्मशाळेत बसून. समोर हंडियाला जाणारा पूल दिसत होता. पूल ओलांडला की हरदा, खंडवा, बऱ्हाणपूर आणि आपलं घर. पण पूल ओलांडला की परिक्रमा मोडली. प्रवासी हटून बसले होते. चार-पाच जणी तर रडत होत्या, ओंकारेश्वरला सोडलेला संकल्प मोडायचा कसा? आप्पांचंही मन पुढे जाण्याकडेच होतं.

तुम्ही तेव्हा बट्ट्या उकडत होतात. मला बोलावलंत आणि सातवी वही वाचायला लावलीत, फक्त गोळ्यांची पानं. मग स्वतः खोल्याखोल्यांत जाऊन एकेकाचं पाकीट बघून आलात. एकोणीस जण गोळ्यांवर होते. सगळ्यांनी सोळा दिवसांच्या फेरीपुरत्याच आणलेल्या. आप्पांसमोर उभं राहून तुम्ही म्हणालात, "पाच दिनन्याच गोया शेतस, आप्पा. सहावा दिन बंदमा निंघना ते?"

आप्पा काही बोलले नाहीत. बाहेर जाऊन त्यांनी ड्रायव्हरदादांना गाडी पुसायला सांगितली.

रडणाऱ्यांची समजूत घालायला मात्र आप्पा गेले नाहीत, तुम्ही गेलात. वरण-बट्टीची पातेली घेऊन. वाढता वाढता म्हणालात, "माय कोठे पयी जास का?" नर्मदामाय कुठे पळून जाते का, एवढंच. 23 तारखेला पहाटे आपण पूल ओलांडला. बसमध्ये कोणी कोणाशी बोलत नव्हतं, प्रत्येकीच्या मांडीवर नर्मदाजलाची कुपी होती. संध्याकाळी रावेर मागे पडलं तेव्हा मोबाइलवर आलं, राज्यात संचारबंदी, जिल्ह्यांच्या सीमा बंद. आपण सीमेच्या आत आलेलो होतो. दुसऱ्या दिवशी रात्री आठला घोषणा झाली आणि मध्यरात्रीपासून देशच बंद झाला. 34 च्या 34 माणसं तेव्हा आपापल्या घरी होती. त्या काळात महिनोन् महिने परमुलखात अडकलेल्यांच्या बातम्या आल्या की माझ्या डोळ्यांपुढे ती सातवी वही यायची.

मग जे झालं त्यावर मला फार लिहवत नाही. बस घराशेजारी ताडपत्रीखाली उभी राहिली. मुक्कामांसाठी दिलेल्या आगाऊ रकमा बाहेरगावच्या काहींनी परत केल्या, काहींनी नाही. प्रवाशांचे पैसे मात्र आप्पांनी परत केलेच. एप्रिल 2021 मध्ये आप्पा गेले. तेरा दिवसांनंतर घरी सगळे एकच सल्ला द्यायचे, बस विका, कर्ज मिटवा. मीही गिऱ्हाईक बघितलं होतं. तुम्ही आलात ते सातही वह्या फडक्यात बांधून. त्या इतकी वर्षं टेम्पोच्या पेटीत असायच्या. आईपुढे ठेवल्यात आणि मला म्हणालात, नेमावरच्या फेरीतल्या लोकांना फोन कर, त्यांची परिक्रमा आपल्याकडे बाकी आहे.

मी तुम्हाला सांगितलं, पगार द्यायला पैसे नाहीत. तुम्ही फुकट येतो म्हणाला नाहीत. तुमच्याही घरी खाणारी तोंडं होती. म्हणालात, निम्मा आत्ता दे, निम्मा बसचं कर्ज फिटल्यावर, पण लिहून ठेव. त्या "लिहून ठेव" ने मला जेवढा धीर दिला तेवढा कोणाच्या सांत्वनाने दिला नव्हता. उधारी ठेवली म्हणजे कंपनी चालणार, असं तुम्ही धरूनच चालला होतात.

2022 च्या कार्तिकी एकादशीनंतर आपण पुन्हा ओंकारेश्वरहून निघालो, पहिल्यापासून. 34 पैकी पाच जण तोवर गेले होते, 21 आले. त्यांच्याकडून आपण डिझेल आणि मुक्कामाचा खर्च तेवढा घेतला. आप्पांच्या जागी माइक हातात घेऊन मी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा माझा आवाज फुटेना. मागून तुम्ही आणलेला चहा फिरू लागला, आणि लोक कप घेण्यात गुंतले तेवढ्यात मला सावरता आलं. तुम्ही ते ठरवून केलंत, मला माहीत आहे. यावेळी नेमावरला पुलाकडे पाठ करून गाडी पूर्वेला वळली, आणि बसमधल्या बायकांनी "नर्मदे हर" म्हटलं ते टेम्पोत तुम्हाला ऐकू गेलं असेल.

गेल्या वर्षी कर्जाचा शेवटचा हप्ता भरला. तुमचा राहिलेला निम्मा पगार मी वहीत लिहिल्याप्रमाणे आणून दिला, तेव्हा तुम्ही तो मोजून घेतलात. मोजून घेतलात याचा मला आनंद झाला.

नवा मुलगा चांगला आहे. बट्टीच्या पिठात मका किती आणि रवाळ गहू किती हे त्याला तुम्ही शिकवलंत, ते तो नीट करतो. मात्र वही लिहायचा त्याला कंटाळा येतो. म्हणून संध्याकाळी मी स्वतः पंगतीत फिरते आणि लिहिते. नव्या पत्रकावर आप्पांच्या फोटोशेजारी तुमचा फोटो छापायला दिलाय. टोपी नसलेला, टेम्पोसमोरचा. खाली तुमचं पूर्ण नाव आहे. आता नाही म्हणू नका, छापून झालंय.

आठवी वही परवा सुरू केली. पहिल्या पानावर लिहिलंय:

"जिभाऊ. सीट 1, खिडकी. गुडघे, तळमजलाच. चहा बिनसाखरेचा. बट्टी मऊ, दुधात नको, वरणातच. स्वयंपाकाच्या टेम्पोत जाऊ न देणे. पहिल्या पंगतीला बसवणे."

कार्तिकीनंतरची परिक्रमा आहे. भाडं घ्यायचं नाही, हेही लिहिलंय. सोबत म्हणून तुमच्या घरच्या जिजींना घेऊन या. त्यांची पानं मला त्यांनाच विचारून लिहायची आहेत, त्यांना काय चालत नाही ते इतक्या वर्षांत आम्ही कधी विचारलंच नाही.

तुमची,
वही लिहिणारी