मा. क्रीडामंत्री, मैदानातले खड्डे कोण बुजवणार?

प्रति,
मा. क्रीडामंत्री, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी शाळकरी पोरांना फुटबॉल शिकवतो. गेल्या आठवड्यात सरावात आमच्या उजव्या विंगरचा, म्हणजे उजव्या कडेने चढाई करणाऱ्या पोराचा, पाय खड्ड्यात गेला. सभेच्या मंडपाच्या खांबासाठी खणलेला, नंतर कोणीच न बुजवलेला खड्डा. "सर, पाय खड्डामा अडकी गया," एवढंच म्हणाला आणि आडवा झाला. गुडघ्याचा लिगामेंट तुटलाय. बाप केळीच्या बागेत मजुरी करतो. ऑपरेशनचा आकडा ऐकून तो दवाखान्याच्या पायरीवरच बसला.

पावसाळ्याआधी मुरूम टाकून रोलर फिरवून देऊ, असं लेखी आश्वासन आमच्याकडे आहे. मुरूम आला नाही, मंडप आला. तक्रार घेऊन गेलो तर उत्तर मिळालं, "पोरांना जरा जपून खेळायला सांगा."

साहेब, आमचा खेळ जपून खेळताच येत नाही. आम्ही ४-३-३ लावतो, म्हणजे मागे चार बॅक, मध्ये तीन हाफ, पुढे तिघे, आणि चेंडू समोरच्यांच्या गोलजवळच हिसकावतो. यालाच प्रेस म्हणतात. स्ट्रायकर सरळ न धावता कमान घेत येतो, म्हणजे त्यांच्या एका स्टॉपरकडून (मधल्या बॅककडून) दुसऱ्याकडे जाणारा पास बंद होतो आणि चेंडू एका कडेला जातो. तिथे आमचा विंगर त्यांच्या साइड बॅकवर (कडेच्या बॅकवर) तुटून पडतो. त्याच्यामागून एक हाफ वर चढतो, दुसरा आत सरकतो, तिसरा मागची जागा झाकतो. चारही बॅक मध्यरेषेजवळ येतात आणि त्यांच्या पाठीमागचं सगळं रान गोलीचं. त्याने डी सोडून बाहेर यायचंच. हे सगळं दोन-तीन सेकंदांत. विंगर अर्धं पाऊल कचरला, की त्यांचा साइड बॅक मान वर करून लांब पास मारतो आणि आमची अख्खी बॅक लाइन उघडी पडते. प्रशिक्षक आरिगो साक्कींच्या मिलान या इटलीच्या क्लबने पुढच्या-मागच्या ओळींत जेमतेम २५ मीटर अंतर ठेवत १९८९ आणि १९९० असे लागोपाठ दोन युरोपियन कप जिंकले. ही शिस्त माझ्या पोरांनी ऊन चढायच्या आत, पहाटे धावून कमावली आहे. खाली बघत धावणाऱ्याला प्रेस मारता येत नाही हो!

मी मानधनावर आहे. तेही तीन-तीन महिने रखडतं. चेंडू, बिब, पोरांची एसटीची तिकिटं त्यातूनच. घरच्यांची बोलणी वेगळी. आता गावात लोक मलाच विचारतात, पोराचा पाय कोणी मोडला? मी काय सांगू? माझ्या अर्जाला मे महिन्यापासून उत्तर नाही, आणि सभेची परवानगी एका दिवसात मिळते.

१५ सप्टेंबर २०१७ ला राज्यातल्या दहा लाख मुलांनी एकाच दिवशी फुटबॉल खेळावा म्हणून सरकारने मोहीम काढली. शाळांना चेंडू वाटले, फोटो निघाले. पुढच्याच महिन्यात नवी मुंबईत सतरा वर्षांखालील विश्वचषकाचे सामने झाले. त्यानंतर आमच्याकडे कोण फिरकलं? १९५१ आणि १९६२ चं आशियाई सुवर्ण जिंकलेला आपला देश आज जागतिक क्रमवारीत शंभराच्या बाहेर आहे. राहणारच! आमच्या तालुक्यातल्या निम्म्या शाळांना तरी धड मैदान नसेल, आणि पीटीचा तास गणिताला दिला जातो. मुंबई-पुण्याला टर्फ, खानदेशाला काळ्या मातीच्या भेगा. मतं मागायला मात्र सगळ्यांना आमचंच मैदान लागतं.

खड्डे या आठवड्यात बुजवा. मुरूम आणि रोलर द्या. खेळाच्या मैदानात खांब रोवायला परवानगी देऊ नका, आणि ज्याने दिली त्याच्याकडून या पोराच्या ऑपरेशनचा खर्च वसूल करा. उत्तर लेखी हवं, तारखेसकट. आधीच्या लेखी आश्वासनाची प्रत सोबत जोडली आहे.

आपला,
एक फुटबॉल प्रशिक्षक, खानदेश