लॅबमधल्या ताईंस, बाटली वळवून ठेवल्याबद्दल

ताई, सप्रेम नमस्कार.

मी तुम्हाला आठवणार नाही. देवगड तालुक्यातल्या एका गावातून एसटीने आलेला, कापडी पिशवी पोटाशी घट्ट धरून बाकाच्या टोकाला बसलेला माणूस. गाडीत शेजारच्या काकांनी विचारलंच, "काय रे नेतंस?" मी म्हटलं, "सोलां." सोलांच्याच पिशवीत ती बाटली होती, पण सोलं नव्हती.

त्याआधी वर्षभर मी ही शौचातलं रक्त शोधायची तपासणी टाळली. टाळली म्हणजे, एकदा दुसऱ्या एका लॅबमध्ये गेलो होतो. तिथला पोरगा काउंटरवरून ओरडला, "स्टूलवाले कोण?" बाकावर आमच्या गावचे तिघे, त्यातला एक मुलीच्या सासरचा. मी उठलो आणि डबी पिशवीतच ठेवून घरी आलो.

आमच्या दादाला आतड्याचा कॅन्सर निघाला तेव्हा तो ५४ वर्षांचा होता. तो गेला त्याला येत्या चतुर्थीला दोन वर्षं होतील. त्याआधी दीड वर्ष एक डॉक्टर त्याला मूळव्याधीचं मलम देत होते, एकदाही न तपासता. त्यांच्याबद्दल लिहायला बसलो तर पत्र बिघडेल. आणि खरं सांगायचं तर त्यांच्याही आधी दादाने पडवीत बसून मलाच सांगितलं होतं, की रगात पडता. मी म्हटलं, "उष्णता असतली, सोलकढी पी." हे मी अजून घरात कुणाला सांगितलेलं नाही. दिवसकार्याला आलेल्यांनाही आम्ही "पोटाचं काहीतरी" एवढंच सांगत होतो.

गोव्याच्या डॉक्टरांनी आम्हा भावंडांना तेव्हाच बजावलं होतं, सख्ख्या नात्यात हे निघालं की चाळिशीपासून दुर्बिणीने आतडं बघून घ्यायचं. मी ५१चा. दुर्बीण म्हटल्यावर पाय लटपटले, म्हणून निदान ही बाटली तरी.

माझा नंबर आला तेव्हा मी पिशवीच पुढे केली. तुम्ही बाटली काढलीत, नाव वाचलंत, आणि ट्रेमध्ये ठेवताना नावाची चिठ्ठी भिंतीकडे वळवलीत. तो ट्रे काचेपलीकडे, बाकावरच्या सगळ्यांना दिसेल असा. रक्ताच्या नळ्यांवरची नावं आमच्याकडे तोंड करून, माझं एकट्याचं भिंतीकडे. कुणी सांगितलं होतं तुम्हाला? मग पिशवीची घडी घालून ती परत दिलीत.

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, चार दिवस बांगडे खाल्लेत, चालतात ना? तुम्ही हसलात. "खावा ओ. ही टेस्ट माणसाचा रगात वळखता, माशाचा नाय."

डोळ्यांना न दिसणारं रक्त निघालं, त्यामुळे दुर्बीण काही टळली नाही. (आदल्या रात्रीबद्दल न बोललेलं बरं.) दोन पॉलिप, म्हणजे आतड्याच्या आत उगवलेले कोंब, सापडले, ते तारेच्या फासाने तिथल्या तिथे काढले. कॅन्सर नव्हता. अशा कोंबाचा कॅन्सर व्हायला बहुधा दहाएक वर्षं लागतात म्हणे. म्हणजे दादाचाही कधीतरी असाच एक कोंब असणार, चण्याएवढा. हा हिशेब मी रात्री पडल्या पडल्या करत बसतो.

पुतण्या इंग्लंडात असतो. तिथे ५० ते ७४ वयाच्या माणसांना दर दोन वर्षांनी ही बाटली पोस्टाने घरी येते. आपल्याकडच्या सरकारी तपासणीत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख आहे, आतडं नाही. यायला हवं. पण पोस्टमनने हाका मारत ती अंगणात आणून दिली असती, तर मी घेतली असती का? शंकाच आहे. चांगुलपणा म्हटला की आपल्याला शिबिरं आणि शाल-श्रीफळ आठवतात. दुसऱ्याची लाज न बोलता झाकणाऱ्या माणसाचा फोटो कुठल्या बॅनरवर येत नाही.

सोमवारी धाकट्या बहिणीला घेऊन येतोय. ४६ची आहे. तिलाही दुर्बीणच सांगितलीय, पण तूर्त बाटलीपर्यंत तयार झाली आहे. सोलांची पिशवी नको म्हणून तिला सांगितलंय, तरी ती आणणारच. तिचंही नाव भिंतीकडे ठेवा.

तुमचा,
बाकाच्या टोकाचा माणूस